हे भाईर कामून?

अक्का चष्मा कपाळावर सरकवायच्या, स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड न्यायच्या आणि एका ओळीवर बोट टेकवून विचारायच्या, "हे भाईर कामून?"

लांबचं पाहायला चष्मा लावणारी आणि जवळचं वाचायला तो काढणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अक्कांचं बोट मात्र काचेला खरंच टेकायचं. आमच्या ऑफिसातल्या कुठल्या स्क्रीनवर किती ठसे आहेत, यावरून कुणाचं काम किती ढिलं आहे ते कळायचं. माझी स्क्रीन मी दर शनिवारी पुसायचो. सोमवारी दुपारपर्यंत ती पुन्हा पहिल्यासारखी व्हायची.

भाईर म्हणजे बाहेर, कामून म्हणजे का; पण हे "बाहेर" म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आम्ही प्रोग्राम लिहायचो, पण थेट लोकांसाठी नाही. दुसऱ्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. अशा तयार गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. तिच्यात पुस्तकं नसतात, कामं असतात. एकेका कामाला मेथड म्हणतात, आणि एका जातीची कामं ज्या खणात एकत्र ठेवतात त्याला क्लास. प्रत्येक मेथडच्या आधी एक शब्द लिहावा लागतो. पब्लिक लिहिलं, तर लायब्ररी घेणारा कुणीही ते काम करून घेऊ शकतो. प्रायव्हेट लिहिलं, तर ते आमचं आमच्यात राहतं. एका शब्दाचा प्रश्न. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटायचं नाही. मी कमठाण्याहून बीदर, बीदरहून हैदराबाद आणि तिथून कलबुर्गी असा फिरून आलेला माणूस. आधीच्या नोकरीत मी सगळंच पब्लिक लिहायचो आणि वेळेवर घरी जायचो.

इथे तसं चालायचं नाही. अक्कांनी विचारलं की उत्तर द्यावं लागायचं. "कुणाला तरी लागेल, अक्का," असं मी म्हणायचो.

"कुणाला?"

माझ्याकडे नाव नसायचं. मग अक्का स्वतःच पब्लिक खोडून प्रायव्हेट लिहायच्या आणि म्हणायच्या, "आत ऱ्हाऊ दे, तम्मा. लागलं तर मागतील." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. ओरडायच्या नाहीत. ओरडल्या असत्या तर भांडता आलं असतं.

आमचं ऑफिस कलबुर्गीत पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या एका दुकानाच्या वर होतं. खाली गिऱ्हाइकाला मोटार चालवून दाखवली की वर आमची टेबलं थरथरायची आणि चहाच्या कपात गोल गोल रेघा उठायच्या. माणसं चार. मालक, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. अक्का. मी. आणि सायबण्णा, जो आम्ही लिहिलेलं तपासायचा आणि चूक सापडली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत धीर धरून मग सगळ्यांसमोर सांगायचा.

लायब्ररीचं नाव होतं हेसरू. कन्नडमध्ये हेसरू म्हणजे नाव. आमच्या भागात एका माणसाचं नाव चार कागदांवर चार तऱ्हेने लिहिलेलं असतं, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. शाळेचा दाखला मराठीत, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, आजोबांचा जुना कागद उर्दूत, आणि हल्लीचं सगळं इंग्रजीत. हे चारही एकाच माणसाचे आहेत, हे दवाखान्यातल्या किंवा शाळेतल्या संगणकाला कुणी सांगायचं? ते हेसरू सांगायची. एका लिपीतलं नाव दुसऱ्या लिपीत लिहून द्यायची, आणि दोन नावं एकाच माणसाची असावीत की नाही ते जुळवून पाहायची.

ही अक्कांची कल्पना. प्रोग्रामिंग त्या चाळिशीला आल्यावर शिकल्या. त्याआधी बरीच वर्षं त्या आळंदच्या एका छपाईच्या दुकानात टाइप करायला होत्या. खजुरीहून रोज बसने यायच्या आणि मराठी, कन्नड, उर्दू अशा तिन्ही लिप्यांत लग्नपत्रिका लावायच्या. नावांचं त्यांना जे कळायचं ते तिथलं. "काशव्वा" कुठल्या घरात "काशीबाई" होते आणि "महादू" कुठल्या गावच्या हद्दीपासून "मादप्पा" होतो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

त्या दुकानातली एकच गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितली, तीही सायबण्णाने फार गळ घातल्यावर. एका नवरीचं नाव त्यांच्या हातून चुकलं. एक वेलांटी. पण त्या वेलांटीने नवरीचं नाव तिच्या होणाऱ्या सासूचं झालं. लक्षात येईपर्यंत पत्रिका वाटून झाल्या होत्या. अक्का काळं पेन घेऊन दोन दिवस घरोघर फिरल्या आणि जिथे पत्रिका सापडली तिथे ती वेलांटी दुरुस्त करून आल्या. आम्ही हसलो. सासूचं पुढे काय झालं, असं सायबण्णाने विचारलं. अक्का म्हणाल्या, "सगळ्या सापडल्या न्हाईत," आणि डबा उघडला.

यावरून त्या फार काटेकोर होत्या असं तुम्हाला वाटेल. होत्याच. पण हेसरूच्या पहिल्या पब्लिक मेथडच्या नावातच चूक होती. तिचं नाव "जुळव" ठेवायचं होतं. इंग्रजी अक्षरं मागे-पुढे होऊन ते "जुवळ" झालं. नावं बरोबर लिहून देणाऱ्या लायब्ररीच्या दारावरच नाव चुकलेलं. ही चूक खुद्द अक्कांची. नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याला ती सापडायची, तो आनंदाने दुरुस्त करायचा आणि अक्का ते नाव पुन्हा चुकीचं करून ठेवायच्या. मीही केलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या, "लोकांनी आपल्या प्रोग्रामात जुवळ लिहिलंय. मी आता शाणी झाले म्हणून त्यांचं कामून मोडू?" एकदा बाहेर दिलेलं परत घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणूनच बाहेर देताना एवढी चौकशी. हे दोन्ही एकाच नियमाचे भाग आहेत हे मला बऱ्याच उशिरा कळलं; तेव्हा मी फक्त बोटांचे ठसे पुसत होतो.

आता ज्या मेथडमुळे हे सगळं लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. आम्ही तिला "वळण" म्हणायचो. समजा, इंग्रजीत एक आडनाव आलं, के-ए-एल-ई. ते मराठी घरातलं असेल तर काळे. कन्नड असेल तर कले असू शकेल. आमच्याकडची उर्दू, म्हणजे दखनी, बोलणारा माणूस त्याला काले म्हणेल. मग लिहायचं काय? म्हणून हेसरू आधी नाव पाहून ते मराठी वळणाचं आहे, कन्नड, तेलुगू की उर्दू, याचा एक अंदाज बांधायची आणि त्या अंदाजाने काना-मात्रा लावायची. अंदाज बरेचदा बरोबर यायचा, काही वेळा साफ चुकायचा. चुकला तरी मोठं काही बिघडायचं नाही, कारण तो बाहेर कुणाला दिसायचाच नाही. वळण प्रायव्हेट होती.

एकदा एका मोठ्या शहरातल्या कंपनीने हेसरू घेतली. भाड्याची घरं शोधून देणारं त्यांचं ॲप होतं. आमच्या गिऱ्हाइकांत ती सगळ्यात मोठी. त्यांचा माणूस फोनवर फार गोड बोलायचा आणि मला "सर" म्हणायचा. मला त्याआधी कुणी सर म्हटलं नव्हतं. त्याला वळण बाहेर हवी होती. घर शोधायला येणाऱ्याला त्याच्या भाषेत नमस्कार करायचा आहे, मराठी माणसाला मराठीत, कन्नड माणसाला कन्नडमध्ये, एवढंच, असं त्याचं म्हणणं. मला ते फार सुंदर वाटलं. अण्णांनाही वाटलं. अण्णा म्हणाले, अक्कांना विचारून देऊन टाका.

त्याच आठवड्यात अक्कांच्या आई पडल्या, कमरेचं हाड मोडलं आणि अक्का खजुरीला गेल्या. मी त्यांना फोन केला. एकदाच. लागला नाही. फोन लागला नाही याचं मला, खरं सांगतो, बरं वाटलं. मी एक शब्द खोडला, एक शब्द लिहिला आणि नवं व्हर्जन पाठवून दिलं. तिकडून त्या माणसाने "थँक यू सर" असं लिहिलं. तो निरोप मी दोनदा वाचला.

अक्का परत आल्या त्या दिवशी त्यांनी आल्या आल्या शेंगांच्या चटणीचा डबा टेबलावर ठेवला, मधल्या दिवसांत काय काय बदललं ते उघडून वाचलं, आणि चष्मा कपाळावर नेला. पण नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

"कुणाला दिलास?"

मी सांगितलं. नमस्काराचंही सांगितलं.

"नमस्काराला एवढं लागतंय?"

मी म्हणालो, त्यांना प्रत्येकाच्या भाषेत करायचाय.

"मला इचारायचं हुतं, तम्मा."

"फोन लागंना झाला, अक्का."

"कितींदा केलास?"

मला वाटलं, आता त्या वळण आत घेतील. त्यांनी घेतली नाही. नियम त्यांचाच होता. त्यांनी फक्त त्या मेथडच्या वर एक सूचना लिहिली, मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत: हा अंदाज काना-मात्रांसाठी आहे, माणसासाठी नाही. कोडमधल्या सूचना कोण वाचतं हे मला ठाऊक होतं. मी त्या कधी वाचत नव्हतो.

पुढे काही महिन्यांनी सायबण्णाला पुण्यात नोकरी लागली. आम्ही त्याला निरोप दिला, अण्णांनी शाल घातली, आणि जाता जाता त्याने माझ्या कोडमधल्या तीन चुका सगळ्यांसमोर सांगितल्या. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, पुण्यातली घरं संपली वाटतं. ॲपवर कितीही शोधा, एकच उत्तर येतं, सध्या आपल्यासाठी घर उपलब्ध नाही. बरोबरच्या मुलाला मात्र त्याच गल्लीत दहा दिसतात. तो हे हसत सांगत होता. ॲपचं नाव त्याने घेतलं तेव्हा मी हसायचं थांबलो.

सायबण्णाचं पूर्ण नाव सायबण्णा हुसेनप्पा. आपल्याकडे वडिलांचं नाव मागे लागतं, ते सगळीकडे आडनाव होऊन बसतं. त्याच्या आजीला मुलं जगत नव्हती म्हणून तिने दर्ग्यात नवस बोलला होता, आणि जगलेल्या मुलाचं नाव हुसेनप्पा ठेवलं. घर लिंगायत, बसवण्णांना मानणारं. सायबण्णाच्या गळ्यात लिंग असायचं, आंघोळीलाही काढायचा नाही. आळंद भागात अशी नावं गल्लोगल्ली आहेत. तिथे कुणी वळून पाहत नाही.

मी दुपारभर ते ॲप घेऊन बसलो. माझ्या नावाने शोधलं, घरं आली. एका कन्नड नावाने शोधलं, आली. उर्दू वळणाच्या नावाने शोधलं, घर उपलब्ध नाही. तरी मन मानेना, असेल योगायोग. मग मला एक सुचलं. आमच्या वळणच्या काही ठरलेल्या चुका होत्या, सायबण्णानेच काढलेल्या. गुलाब काळे हे नाव घ्या. बाई मराठी, पण आमची वळण तिला उर्दू म्हणायची. मी ॲपवर गुलाब काळे लिहिलं. घर उपलब्ध नाही. अशा पाच चुका मला पाठ होत्या. पाचही तिथे जशाच्या तशा होत्या. आपल्या पोराची चाल लांबून ओळखू येते तसं मला ते ओळखू आलं.

मी अक्कांकडे गेलो. मला वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त राग आला होता, आणि रागात माणसाला आपण फार बरोबर आहोत असं वाटतं. मी म्हणालो, "अक्का, चूक झालीय. सायबण्णाला त्यांनी मुसलमान धरलंय. हे आपल्याला नीट करता येतंय. नावाच्या शेवटी अप्पा आला की कन्नड धरायचं. एका ओळीचं काम हाय, आत्ता करतो."

अक्कांनी सगळं नीट ऐकून घेतलं. गुलाब काळेचंही ऐकलं. मग म्हणाल्या,

"आन बरोबर वळखलं असतं तर?"

मी उभाच होतो. खाली दुकानात कुणाला तरी मोटार चालवून दाखवत होते. टेबल थरथरत होतं. सायबण्णा ज्याच्या जागी चुकून उभा राहिला, तो खरोखरचा मुसलमान माणूस मला तोवर दिसलाच नव्हता. दुपारभर मी त्याच्या नावाने घरं शोधत होतो, ती आली नाहीत असं पाहत होतो, आणि अक्कांकडे आलो तो सायबण्णाची तक्रार घेऊन.

त्यानंतरचे अकरा दिवस अक्का सगळ्यांच्या आधी यायच्या. वळण नुसती आत घेऊन भागणार नव्हतं, त्यांना ती उपटूनच काढायची होती. नाव कुठल्या वळणाचं आहे याचा अंदाज न बांधता, ते जितक्या तऱ्हांनी वाचता येईल तितक्या तऱ्हांनी वाचायचं आणि सगळ्या तऱ्हा जुळवून पाहायच्या, अशी त्यांनी हेसरू आतून नव्याने बांधली. थोडी हळू चालायला लागली, पण चुका कमी झाल्या. गुलाब काळे पहिल्यांदा बरोबर लिहिली गेली. मी त्यांच्या शेजारी बसून सांगतील ते करत होतो. त्या अकरा दिवसांत त्यांनी मला एकदाही काही ऐकवलं नाही. मी मनातून त्याची वाट पाहत होतो.

बाराव्या दिवशी आम्ही अण्णांसमोर बसलो. अण्णा वाईट माणूस नव्हते. लहान दुकान, मोठं एकच गिऱ्हाईक, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी म्हणालो, वळण मी बाहेर दिली, अक्कांचा काही संबंध नाही. अण्णा म्हणाले, मला माहीत आहे, मीच सांगितलो होतो. मग ते अक्कांकडे वळले. त्यांनी अक्कांचाच नियम काढला.

"तुमीच म्हणता की अक्का, एकदा भाईर दिलं की परत घ्यायचं न्हाई म्हणून. जुवळ आजपर्यंत ठेवलाव आपण."

"जुवळ माझी चूक हाय," अक्का म्हणाल्या. "त्यानं लाज माझी जाती. लोकांचं काय जात न्हाई. ह्यानं लोकांचं जायलंय."

"ते इचारतील, कुणी काढलं म्हणून."

"मी काढलं म्हणून सांगा."

"तुमचं नाव घेऊन सांगू?"

"सांगा. माझं नाव भाईर दिलं तर चालतंय."

ज्या बाईने इतक्या वर्षांत स्वतःबद्दल आम्हाला एक लग्नपत्रिका सोडून काही सांगितलं नव्हतं, तिचं हे बोलणं. नवरा होता की नव्हता, होता तर कुठे गेला, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची हिंमत झाली नव्हती. अण्णा म्हणाले, काढा, पत्र तेवढं तुमीच लिवा.

अक्कांनी पत्र लिहिलं. काय दिलं होतं, का परत घेत आहोत, आणि त्याचा तुम्ही काय वापर केला ते आम्ही पाहिलं आहे, असं तीन परिच्छेदांत. खाली पूर्ण नाव. नवं व्हर्जन निघालं.

आता तुम्हाला वाटेल, कंपनी चिडली, भांडण झालं, कुणीतरी जिंकलं. तसं झालं नाही. दोन दिवसांनी तिकडून फार सभ्य उत्तर आलं. आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. सध्या आम्ही जुन्या व्हर्जनवर समाधानी आहोत. बस्स. लायब्ररीचं जुनं व्हर्जन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ते राहतंच, ते काही कुणी काळं पेन घेऊन दुरुस्त करायला जाऊ शकत नाही. नवं घेतलं तरच नवं. त्यांनी ते कधी घेतलं नाही. अण्णांनी पुढे त्यांचं काम करणं थांबवलं, तर त्यांनी तेही चालवून घेतलं. जे हवं होतं ते त्यांना मिळालेलं होतं.

सायबण्णाने मात्र त्या कंपनीकडे लेखी तक्रार केली. मी माझ्या पाच नावांचा कागद त्याला जोडून दिला. महिन्याभराने त्याचा फोन आला. आता मला चौदा घरं दिसायलीत, म्हणाला. मी गुलाब काळे लिहून पाहिलं, घरं आली. दुसऱ्या एका उर्दू वळणाच्या नावाने पाहिलं. घर उपलब्ध नाही. त्यांनी तक्रारीतली नावं तेवढी नीट केली होती. शेवटी अप्पा असेल तर कन्नड धरायचं, हेही केलं असावं.

मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू म्हणलास ती एक ओळ त्यांनी लिवली." टोमणा नव्हता. पण असता तर बरं झालं असतं.

सायबण्णाने त्या चौदातलं एकही घर घेतलं नाही. कुणाच्या तरी ओळखीने एक खोली मिळाली त्याला, तिसऱ्या मजल्यावर, पाणी सकाळी तासभर. ती तक्रार मी पुढे कुठे नेली नाही. न्यायला हवी होती. कुणाकडे न्यायची हे माहीत नव्हतं असं मी स्वतःला सांगतो, आणि चौकशी किती केली हे सांगत नाही.

वर्षभराने अक्कांनी नोकरी सोडली. आईंना उठता येत नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यांनी शाल घालून घेतली नाही, अण्णांना म्हणाल्या, उन्हाळ्यात कशाला. दुपारपर्यंत काम केलं, डबा धुतला आणि तीनच्या बसने गेल्या. त्यानंतर काय बाहेर द्यायचं ते मी ठरवतो. स्क्रीन आता स्वच्छ असते.

गेल्या महिन्यात मी खजुरीला जाऊन आलो. एका मेथडबद्दल विचारायचं होतं. फोनवरही विचारता आलं असतं. अक्कांच्या घरापुढे सावलीला चार-पाच माणसं बसली होती. नावांची दुरुस्ती करून घ्यायला आसपासच्या गावांतून लोक त्यांच्याकडे येतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडचे येतात, पलीकडचेही येतात. अक्का सतरंजीवर बसून अर्ज भरत होत्या. मला पाहून हाताने बस म्हणाल्या आणि समोरच्या म्हातारीकडे वळल्या.

म्हातारीचे तीन कागद पुढे होते. एकावर चंद्राबाई, एकावर चंद्रव्वा, एकावर चांदबी. तिच्याबरोबर आलेला जावई घाईत होता, कुठलंही एक घाला आणि सगळीकडे तेच करा म्हणत होता. अक्कांनी तिन्ही कागद पालथे ठेवले.

"तुमी सोताला काय म्हणता?" त्यांनी म्हातारीला विचारलं.

म्हातारीने जावयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला प्रश्न कळला नव्हता असं नाही. असं काही विचारतात हे तिला ठाऊक नसावं. तिने पदर सारखा केला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली.

अक्कांनी लिहिलं नाही. पेन तसंच धरून त्या थोड्या पुढे वाकल्या आणि डोळे मिटून घेतले.

"आजून एकदा म्हणा," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं."